कांचनमृगाची परीक्षा

गेल्या पावसाळ्यांत माझा भाचा महिनाभर आमच्या घरीं येऊन राहिला होता. त्याला सैन्यांत अधिकारी व्हावयाचें होतें, आणि निवडमंडळापुढें उभें राहण्यासाठीं भोपाळचें बोलावणें आलें होतें. नाशकांत या गोष्टीचें कोणाला नवल वाटत नाहीं. गांवाच्या एका अंगाला देवळालीची तोफखान्याची शाळा, दुसऱ्या अंगाला १९३७ सालीं डॉ. मुंजे यांनीं स्थापिलेली भोंसला सैनिकी शाळा. तेव्हां येथल्या मुलांच्या स्वप्नांत गणवेष यावयाचाच. नवल वाटलें तें त्याच्या अभ्यासाचें. रोज सकाळीं तो समोर घड्याळ ठेवी आणि मला म्हणे, "मामा, एकेक शब्द मोठ्यानें वाचा. दर पंधरा सेकंदांनीं एक." मी वाचीत असें: अंधार, पराभव, आई, एकटा, भीति. शब्द इंग्रजी असत. येथें मी त्यांचे अर्थ तेवढे देतों. शब्द कानावर पडतांच मनांत जो विचार येईल तो एका वाक्यांत लिहावयाचा, असे साठ शब्द, अशी ती परीक्षा. तो खालीं मान घालून भराभर लिहीत जाई.

एके दिवशीं सहज मीं त्याची वही पाहिली. "अंधारानंतर प्रकाश येतोच." "पराभव ही यशाची पहिली पायरी आहे." "भीतीवर धैर्यानें मात करतां येते." साठहि वाक्यें अशीं इस्त्री केलेलीं. जवळच एका शिकवणी-वर्गाचें पुस्तक पडलें होतें. त्यांत प्रत्येक शब्दापुढें इष्ट वाक्य छापलेलेंच होतें. मनांत काय येतें हें पाहणाऱ्या परीक्षेसाठीं दुसऱ्याच्या मनांतलें पाठ करण्याचा तो उद्योग पाहून मला हसूं आलें.

"अरे, 'एकटा' म्हटल्यावर तुला खरोखर काय सुचतें?" मीं विचारलें.

त्यानें लेखणी खालीं ठेवली. "खरें सांगूं? बाबा गेल्यानंतरची आमची बाहेरची खोली."

"मग तें कां नाहींस लिहीत?"

"तें लिहिलें तर मला घेतील का, मामा?"

माझें हसूं मावळलें. त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वीं अशाच एका परीक्षेंत मी स्वतः नापास झालों होतों, आणि ती हकीकत मीं आजवर घरांत कोणास सांगितलेली नव्हती.

त्या वेळीं मी येथल्याच एका शाळेंत शिक्षक होतों. पगार बेताचा होता, आणि वरिष्ठांशीं माझें पटत नव्हतें. मुंबईच्या एका कंपनींत नव्या नोकरांना शिकविण्यासाठीं एक जागा निघाली, मीं अर्ज केला, आणि भेटीचें पत्र आलें. रजा मागावयाची तर कारण द्यावयास हवें, आणि खरें कारण देणें म्हणजे हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागल्याचा डांगोरा पिटणें. म्हणून "तापानें आजारी असल्यामुळें एक दिवसाची रजा मिळावी" असा अर्ज शेजारच्या मुलाबरोबर धाडण्याची व्यवस्था केली, आणि सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनें मुंबई गांठली.

तेथें शंभरावर विधानें छापलेला एक कागद माझ्या हातीं देण्यांत आला. प्रत्येकापुढें 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच लिहावयाचें होतें. "मला कधीं कोणाचा हेवा वाटत नाहीं." होय. "दिलेली वेळ मीं कधीं चुकविलेली नाहीं." होय. "ओळखीच्या माणसांविषयीं त्यांच्या पाठीमागें मी कधीं वावगें बोलत नाहीं." होय. "मी कधीं खोटें बोललों नाहीं." होय! त्या दिवशीं माझी पेन्सिल अशी निर्धास्त चालली होती, कीं कागद भरून झाल्यावर तो वाचून मला स्वतःविषयींच आदर वाटूं लागला.

दुपारीं एका वयस्कर गृहस्थांनीं मला आंत बोलाविलें. माझा कागद त्यांच्यापुढें होता. त्यांनीं चष्मा कपाळावर चढविला आणि अगदीं सौम्यपणें विचारलें, "गुरुजी, आज मंगळवार. शाळेला सुटी आहे का?"

"नाहीं. रजा घेतली आहे."

"काय कारण दिलेंत?"

मला शब्द फुटेना. त्यांनीं आग्रह केला नाहीं, रागावलेहि नाहींत. कागदाची घडी घालतांना ते इतकेंच म्हणाले, "आपल्या कागदावर एकहि डाग नाहीं. इतकें स्वच्छ कापड पाहिलें कीं आम्हांला संशय येतो, कीं हें कोणी कधीं अंगावर घातलेलेंच नाहीं." नोकरी अर्थातच मिळाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं शाळेंत जो तो विचारी, "ताप उतरला का?" आणि मी प्रत्येकाला "हो, आतां बरें आहे" म्हणून नवें खोटें सांगत होतों.

पुढें पुष्कळ वर्षांनीं या शास्त्रावरचीं पुस्तकें हातीं आलीं, तेव्हां त्या गृहस्थांनीं मला कसें ओळखलें तें उमगलें. स्वभाव मोजण्याची अशी पहिली प्रश्नावली पहिल्या महायुद्धाच्या वेळीं अमेरिकेंत वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञानें रचली. तोफांच्या भडिमारांत कोणाचें मन खचेल हें अगोदर कळावें, हा तिचा हेतु. तिच्या अखेरच्या रूपांत ११६ प्रश्न होते. पण ती वापरण्यापूर्वींच युद्ध संपलें. त्या यादीचा पाया भोळा होता. विचारलें म्हणजे माणूस खरें सांगेल, अशी तिची श्रद्धा होती. ही श्रद्धा फार दिवस टिकली नाहीं. हार्टशोर्न व मे या दोघांनीं अमेरिकेंतल्या शाळकरी मुलांच्या फसवणुकीचा मोठा अभ्यास करून १९२८ सालीं प्रसिद्ध केला. आणि तेथून धडा घेऊन, १९४३ सालीं बाहेर पडलेल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रश्नावलींत हॅथवे व मॅकिन्ली यांनीं एक पहारेकरीच बसविला. साडेपांचशें विधानांच्या गर्दींत पंधरा विधानें अशीं पेरलीं, कीं तीं स्वभाव मोजण्यासाठीं नव्हतींच. उत्तर देणाराचा खरेपणा तेवढा मोजण्यासाठीं होतीं. त्यांना 'खोटेपणाची पट्टी' असें नांव पडलें.

या पंधरांची रचना मोठी मार्मिक आहे. त्यांत विचारलेले दोष इतके क्षुल्लक, कीं ते बहुधा प्रत्येकांत असावयाचे. आणि तरीहि ज्याला आपली छाप पाडावयाची आहे त्याला ते कबूल करवत नाहींत. चोरी केली का, खून केला का, असें ही पट्टी विचारीत नाहीं. मनांत कधीं वाईट विचार येतो का, कधीं राग आवरेनासा होतो का, इतकेंच विचारते. एखाददुसऱ्या ठिकाणीं स्वतःला वर चढविलें तर तें क्षम्य. पंधराच्या पंधरा ठिकाणीं जो धुतल्या तांदळासारखा निघतो, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर विसंबतां येत नाहीं.

हें वाचलें आणि मला पंचवटी आठवली. आमच्या घरापासून सीतागुंफा दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. तेथून जातां-येतां कांचनमृगाची कथा मीं लहानपणापासून ऐकलेली. पण वाल्मीकीच्या अरण्यकांडांतला एक बारकावा माझ्या ध्यानांत कधीं आला नव्हता. तो मृग दिसतांच लक्ष्मणानें त्याला ओळखलें, हा मारीच राक्षस आहे असें त्यानें रामाला स्पष्ट सांगितलें. कशावरून? त्याला मृगाच्या अंगावर राक्षसाची कांहीं खूण दिसली म्हणून नव्हे. त्याचा युक्तिवाद अगदीं साधा होता: रत्नांनीं मढलेलें असें हरिण पृथ्वीवर असतच नाहीं; ज्या अर्थीं हें इतकें सुंदर आहे, त्या अर्थीं हें हरिण नव्हे. मिनेसोटाच्या पंडितांचा युक्तिवाद याहून निराळा नाहीं. पट्टी खोटें पाहत नाहीं. खऱ्या हरणाच्या अंगावर काय असतें एवढें तिला ठाऊक असतें.

स्वतःला वाईट भासविण्याचीहि एक कला आहे, आणि तिचीहि आठवण देणारें स्थळ आमच्या शेजारींच आहे. देवळालीच्या छावणींत मुदत संपलेले गोरे सोजीर स्वदेशीं जाणाऱ्या जहाजांची वाट पाहत पडलेले असत. जहाजें हिवाळ्यांतच सुटत. एखादा उन्हाळ्याच्या तोंडाशीं येऊन पोंचला तर त्याला महिनेच्या महिने तेथें काढावे लागत. काम नाहीं, ऊन रणरणतें, आणि मन घराकडे लागलेलें. त्यांतून बुद्धिभ्रंशाला इंग्रजींत आमच्या देवळालीचेंच नांव पडलें: 'डूलाली टॅप'. त्यांतला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढें ताप गळून पडला, आणि वेडसर माणसाला नुसतें 'डूलाली' म्हणूं लागले. माझ्या रजेच्या अर्जांतला ताप आणि हा ताप यांचें कांहीं नातें आहे, असें मला उगीचच वाटतें. ज्या छावणींतून प्रत्येकालाच घरीं जावयाचें आहे, तेथल्या वैद्यापुढें रोज एकच प्रश्न उभा राहत असला पाहिजे: हा ताप खरा, कीं घरीं जाण्याचा?

मिनेसोटाच्या प्रश्नावलींत यासाठींहि उपाय आहे. तिच्या दुसऱ्या एका पट्टींत चौसष्ट विधानें अशीं आहेत, कीं सर्वसाधारण माणसांपैकीं दहांत एकहि त्यांना धड रुकार देत नाहीं. वेडाचें सोंग घेणाऱ्याला वाटतें, कीं वेड्याला सगळेंच विचित्र वाटत असलें पाहिजे. म्हणून तो दिसेल त्या विचित्र विधानाला 'होय' म्हणत सुटतो, आणि खऱ्या रोग्यापेक्षांहि अधिक रोगी होऊन बसतो. खरें दुःख एवढें सर्वव्यापी नसतें. त्याला ठराविक वाट असते. अर्थात् अतिशय आजारी किंवा प्रश्न न समजलेला माणूसहि या पट्टीवर वर चढतो. म्हणून जाणता परीक्षक एकट्या त्या आंकड्यावर निकाल देत नाहीं.

येथपर्यंत मी या शास्त्रावर खूष होतों. पण एका संध्याकाळीं माझ्या आत्याची आठवण झाली, आणि माझा उत्साह ओसरला. आत्या आमच्याच वाड्यांत राहिली, तेथेंच गेली. पहांटे उठून रामकुंडावर जावयाची ती कधीं चुकली नाहीं. कोणाची निंदा सुरू झाली कीं ती उठून कामाला लागे. एकदां दूधवाल्यानें चुकून जास्त परत केलेला एक आणा द्यायला ती भर उन्हांत मेनरोडपर्यंत चालत गेली होती. तो कागद आत्यापुढें ठेवला असता तर? तिनें माझ्यासारखींच उत्तरें दिलीं असतीं: होय, होय, होय. परीक्षकानें आम्हां दोघांनाहि एकाच रकान्यांत घातलें असतें. मी खोटा होतों म्हणून, आणि ती खरी होती म्हणून!

हा दोष कल्पनेंतला नाहीं. मिनेसोटाच्या पट्ट्यांची मूळ मापें ७२४ माणसांवरून ठरविलीं होतीं, आणि तीं सारीं त्याच प्रांतांतलीं, विद्यापीठाच्या रुग्णालयांत कोणाला तरी भेटायला आलेलीं. त्या भल्या माणसांनीं जे दोष कबूल केले ते आत्याच्या ठिकाणीं नव्हते, हा कांहीं तिचा अपराध नव्हे. धर्मशील, शिस्तीच्या वातावरणांत वाढलेल्यांचा आंकडा या पट्टीवर वर जातो, हें मानसशास्त्रज्ञांनाहि मान्य आहे. शिवाय स्वतःचीच फसवणूक करणारा एक वर्ग आहे. 'मला हेवा वाटत नाहीं' असें त्याला प्रामाणिकपणें वाटतें. फक्त तें खरें नसतें. १९४६ सालीं मील व हॅथवे यांनीं अशा सूक्ष्म आत्मसंरक्षणासाठीं तीस विधानांची आणखी एक पट्टी जोडली. १९८४ सालीं पॉलहस यानें दुसऱ्याला फसविणें आणि स्वतःला फसविणें या दोन गोष्टी वेगळ्या मोजावयास हव्यात, असें दाखवून दिलें. इतकें करूनहि १९९६ सालीं अमेरिकेंतल्या तिघां संशोधकांनीं नोकरीसाठीं घेतलेल्या अशा परीक्षांचा पुष्कळ पुरावा एकत्र तपासला, तेव्हां दिसलें कीं या चांगुलपणाच्या आंकड्यावरून माणूस काम कसें करील हें कळत नाहीं, आणि तो आंकडा वजा करून बाकीचें माप अधिक अचूकहि होत नाहीं.

पंचवटीच्या कथेचा उत्तरार्धहि हेंच सांगतो. सोन्याचें हरिण लक्ष्मणानें ओळखलें. पण त्यानंतर थोड्याच वेळानें दाराशीं भिक्षेकरी आला, त्याला सीतेनें ओळखलें नाहीं. कसें ओळखावें? त्याच्या अंगावर कांहीं चमकत नव्हतें. भगवीं वस्त्रें, दंड, कमंडलु, सारें जसें असावयास हवें तसें. मारीचाचें सोंग अतिरेकामुळें उघडें पडलें. रावणाचें सोंग बेताचें होतें म्हणून साधलें. आमच्या पट्ट्या मारीचासाठीं आहेत. त्यांच्या जाळ्यांत माझ्यासारखा नवशिका सांपडतो, आणि आत्यासारखी साध्वीहि सांपडते. ज्याला चारदोन दोष शहाणपणानें कबूल करून बाकीचे झांकतां येतात, तो पाय धुऊन घेऊन आंत येतो.

भाच्याच्या शिकवणी-वर्गाला हें पक्कें ठाऊक होतें. त्या पुस्तकाच्या शेवटीं सूचनाच होती, कीं स्वतःचें वर्णन लिहितांना एकदोन किरकोळ उणिवाहि लिहाव्यात, म्हणजे लिखाण खरें वाटतें! सैन्याच्या या परीक्षेंत उमेदवाराला हें वर्णन लिहावें लागतें: आईवडिलांचें तुमच्याविषयीं काय मत आहे, शिक्षकांचें काय, मित्रांचें काय, आणि तुमचें स्वतःचें काय. भाचा एका रात्रीं कागद घेऊन माझ्याकडे आला. "मामा, बाबांच्या जागीं तुम्ही सांगा. माझ्याविषयीं तुम्हांला काय वाटतें?"

आतां प्रश्नपत्रिका माझ्यापुढें होती, आणि परीक्षक समोर बसला होता. 'मेहनती, प्रेमळ, आज्ञाधारक' असें सांगून मोकळें होणें सोपें होतें. मीं आधीं त्याला माझ्या तापाची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. मग मीं सांगितलें, "तूं मायाळू आहेस, आणि संकटांत पळून जाणारा नाहींस, बाबांच्या आजारांत तें मीं पाहिलें आहे. पण तूं रागीट आहेस, हातीं घेतलेलें काम कंटाळा आला कीं अर्धें टाकतोस, आणि बाबा गेल्यापासून कोणाजवळ मन उघडें करीत नाहींस." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हें लिहूं?"

मीं म्हटलें, "तुला हें खरें वाटत असेल तर लिही. मला वाटतें म्हणून लिहूं नकोस."

याहून अधिक धीर मला त्याला देतां आला नाहीं. हें निवडमंडळ तरी केवळ कागदावर विसंबून राहत नाहीं, एवढें समाधान मला होतें. १९४३ सालीं डेहराडूनला पहिलें मंडळ बसलें तेव्हांपासूनचा त्याचा विशेष हाच, कीं तेथें माणसाला निरनिराळ्या डोळ्यांनीं पाहतात. एकजण त्याचें लिखाण वाचतो, दुसरा त्याच्याशीं बोलतो, तिसरा त्याला मैदानावर इतरांबरोबर ओंडके आणि दोर घेऊन झगडतांना पाहतो. आणि तिघेहि आपापलें मत स्वतंत्रपणें बनवून अखेरीस एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा असें त्याला तेथले लोकहि म्हणतात. पाठ केलेलें वाक्य पंधरा सेकंद टिकतें; चार-पांच दिवस चिखलांत, भुकेच्या वेळीं, अनोळखी मुलांमध्यें तें टिकवून धरणें फार कठीण. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे, हेंहि मला ठाऊक होतें. आणि खरें बोलणारा मुलगा तेथें निवडला जाईलच, अशी हमी मला कोणीच दिलेली नव्हती.

नाशिकरोडच्या फलाटावर मीं त्याला निरोप दिला. गाडी सुटेपर्यंत तें शिकवणीचें पुस्तक त्याच्या पिशवींत होतें कीं घरीं राहिलें होतें, याकडे मीं मुद्दाम पाहिलें नाहीं.

सहाव्या दिवशीं तो परत आला. निवड झाली नव्हती. कां झाली नाहीं, तें मंडळ सांगत नसतें. जेवण झाल्यावर आम्ही दोघे ओसरीवर बसलों. पाऊस पडत होता.

"मामा, तो शब्द आला होता," तो म्हणाला. "एकटा."

"मग?"

"लिहिलें, कीं एकट्यानें का होईना, बाबांच्या खोलींत रोज दिवा लावावा लागतो."

माझ्या पोटांत खड्डा पडला. त्या एका वाक्यानें तर त्याचें काम बिघडलें नसेल ना? पुस्तकांतलें इस्त्रीचें वाक्य लिहिलें असतें, तर आज तो पेढे घेऊन आला असता का? माझें नुकसान माझ्या खोटेपणानें झालें होतें. त्याचें माझ्या सल्ल्यानें झालें असेल, तर त्याची जबाबदारी कोणावर? मीं हें त्याला बोलून दाखविलें. तो जरा वेळ पावसाकडे पाहत राहिला.

"तें मला माहीत नाहीं, मामा. पण घरीं आल्यावर मला कोणी 'कसें झालें' विचारलें, तर काय सांगावयाचें हें आठवावें लागत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें पुन्हां घड्याळ समोर ठेवलें. पुढचें बोलावणें कधीं ना कधीं येणारच होतें. या वेळीं शब्द त्या पुस्तकांतले नव्हते. ते मींच निवडावयाचे होते. मी एकेक शब्द उच्चारीत गेलों, आणि तो लिहीत गेला. कधीं भराभर, कधीं पंधरा सेकंद नुसता कागदाकडे पाहत. कांहीं ओळी कोऱ्या राहिल्या. वही मिटून ठेवतांना त्यानें ती माझ्यापुढें धरली, पण मीं ती उघडून पाहिली नाहीं.